पहिला पगार होईस्तोवर

आमच्या ऑफिसात पोरांच्या गर्दीचे दोन हंगाम असत. एक दहावी-बारावीच्या निकालानंतरचा आणि दुसरा कुठल्यातरी भरतीची जाहिरात पेपरात आल्यानंतरचा. एरवी व्हरांड्यातल्या बाकावर जे बसलेले असत, ते नूतनीकरणासाठी आलेले. एम्प्लॉयमेंटचं, म्हणजे रोजगार नोंदणीचं, कार्ड दर तीन वर्षांनी रिन्यू करावं लागे. तारीख हुकली की नोंदणीची ज्येष्ठता गेली. म्हणून डी.एड. करून संसाराला लागलेली बाई कडेवर लेकरू घेऊन सासरहून एस.टी.नं येई, खिडकीतून कार्ड आत सरकवी आणि शिक्का बसला की ते पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवून देई. आपल्याला कॉल येण्यातला नाही हे तिलाही माहीत असे आणि शिक्का मारणाऱ्या मलाही. तरी ती येत राही.

मी १९९१ साली या खात्यात लिपिक म्हणून लागलो, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथून बदल्या होत होत आणखी काही जिल्हे पाहिले आणि कनिष्ठ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत ऑफिसच्या पाटीवर रोजगाराच्या जोडीला स्वयंरोजगार आला, मग कौशल्य विकास आला, उद्योजकताही आली. गावाकडचे लोक शेवटपर्यंत 'एम्प्लॉयमेंट'च म्हणत राहिले आणि आम्हीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

माझं पहिलं टेबल कार्डांचं. उमेदवाराची माहिती 'एक्स-वन' कार्डावर लिहायची आणि त्याच्या हातात 'एक्स-टेन' द्यायचं. एक्स-वन आमच्याकडे राही. लोखंडी कपाटाच्या खणांत, व्यवसायाच्या एनसीओ क्रमांकानुसार आणि त्यात पुन्हा प्रवर्गानुसार लावलेलं. एखाद्या ऑफिसची मागणी आली, समजा दोन कनिष्ठ लिपिक, त्यातला एक अनुसूचित जमातीचा, मराठी टायपिंग ३०, की खण उघडायचा आणि ज्येष्ठतेनं कार्डं काढायची. यादी त्या ऑफिसला जाई आणि उमेदवाराच्या घरी पोस्टानं कॉल. गल्लीत एकाला कॉल आला की दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतली चार पोरं आमच्या खिडकीशी उभी. "त्याच्या आधीचं माझं कार्ड आहे, मग मला कसा नाही?" प्रवर्ग, वय, टायपिंगचा वेग हे एकेकाला समजावून सांगणं, हेच त्या काळचं आमचं मार्गदर्शन. त्यातही एखादं पोरगं पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन येई. चिठ्ठीनं कार्ड वर येत नाही हे सांगायला फार धीर लागे असं नाही. चिठ्ठी देणाऱ्यालाही ते ठाऊकच असे. त्यानं फक्त पोराला वाटेला लावलेलं असे.

ही व्यवस्था मुळात बेकार तरुणांसाठी उभी राहिलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातून सुटून येणाऱ्या सैनिकांना कामाला लावायचं म्हणून १९४५ साली देशात अशी रोजगार केंद्रं निघाली आणि पुढं ती सगळ्यांना खुली झाली. १९५९ साली कायदा आला. सरकारी आस्थापनांनी आणि २५ किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा केंद्राला कळवाव्यात असं तो कायदा सांगे. लोकांना वाटे, कायदा आहे म्हणजे कंपनीला आमच्याकडूनच माणूस घ्यावा लागतो. तसं नव्हतं. जागा कळवायची सक्ती होती. आम्ही पाठवलेला माणूस घ्यायची नव्हती. कंपन्यांची तिमाही विवरणपत्रं, म्हणजे 'ईआर-वन', आमच्याकडे येत. बरेचदा रिक्त जागांच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली असे आणि त्याच कंपनीच्या गेटवर सकाळी पोरांची रांग असे.

सरकारी नोकरीचं मात्र दार होतं, तेही १९९६ साली बदललं. आंध्र प्रदेशातल्या उत्पादन शुल्क खात्याच्या एका भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की फक्त रोजगार केंद्रानं पाठवलेल्या नावांतून भरती करणं पुरेसं नाही. वर्तमानपत्रात जाहिरात द्या आणि जो अर्ज करील त्याचाही विचार करा. निकाल न्यायाचाच होता. नाव नोंदवायला ज्याला जिल्ह्याच्या ठिकाणी येता आलं नाही, त्याचा हक्क का जावा? पण त्यानंतर आमच्याकडचे कॉल आटत गेले. मागणीपत्रं कमी झाली, खणांतली कार्डं मात्र वाढतच गेली. खात्याचं मूळ काम संपलं होतं आणि हे कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मग आम्ही करत काय होतो? आकडे पाठवत होतो. दर महिन्याला विवरणपत्र भरायचं: महिन्यात नवीन नोंदणी किती, लाइव्ह रजिस्टरवर एकूण किती, अधिसूचित जागा किती, पाठवलेली नावं किती. लाइव्ह रजिस्टरवरचा आकडा विधानसभेत विचारला जाई, पेपरात मथळा होई. त्या आकड्यातले कितीतरी जण शिक्षक झालेले, दुकान टाकून बसलेले, काही तर वारलेले असत. कार्ड जिवंत होतं, माणसाचं काय ते कोण बघणार? रकाना नव्हता.

त्या काळातली एक गोष्ट मला नंतर फार आठवत राहिली. सुशिक्षित बेरोजगार पदवीधरांना शासनानं तुटपुंज्या मानधनावर सरकारी कार्यालयांत अंशकालीन म्हणून घेतलं होतं. तीन वर्षांची मुदत. मुदत संपली, मानधन बंद झालं आणि ही मंडळी 'कायम करा' म्हणत रस्त्यावर आली. पुढं त्यांना भरतीत १० टक्के समांतर आरक्षण मिळालं, पण जागा निघेपर्यंत वयं उलटत होती. अंशकालीन असल्याच्या दाखल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या माणसांचे केस पांढरे होताना मी पाहिले. वयाच्या विशीत तहसीलमध्ये आवक-जावक लिहिणारा तरुण, चाळिशी उलटल्यावर त्याच तहसीलसमोर उपोषणाला. त्याला सरकारनं फसवलं असं मी म्हणणार नाही. नियम पहिल्या दिवशी लिहून दिलेला होता. पण तीन वर्षं एखाद्याला ऑफिसात बसवलं की तो ऑफिसचा होतो, हे नियम लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं.

नोंदणी ऑनलाइन झाली तशी कार्डांची कपाटं मागच्या खोलीत गेली आणि आमच्या वाट्याला रोजगार मेळावे आले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचे हे मेळावे आता जिल्ह्या-जिल्ह्यात होतात. महाविद्यालयाचं मैदान, मांडव, उद्घाटनाला पालकमंत्री नाहीतर आमदार, दोन तास भाषणं, मग पोरं टेबलांकडे धावतात. टेबलांवर चाकण, रांजणगाव, वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांची नावं. नाव कंपनीचं आणि खुर्चीवर बहुधा लेबर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. कुणी आयटीआयचा जोडारी म्हणजे फिटर मागतो, कुणी संधाता म्हणजे वेल्डर, कुणी नुसता बारावी नापास चालेल म्हणतो. एका टेबलावर एका पोराला दोन-तीन मिनिटं मिळतात. संध्याकाळी आम्ही टेबलाटेबलावरून कागद गोळा करायचे आणि प्रेसनोट काढायची. त्यात 'प्राथमिक निवड' झालेल्यांचा आकडा. हे दोन शब्द आमच्या खात्याचा जीव आहेत. प्राथमिक निवड म्हणजे टेबलावरच्या माणसानं नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. पेपरात दुसऱ्या दिवशी येई, 'इतक्या तरुणांना रोजगार'.

अशाच एका मेळाव्यातून ऊसतोड कुटुंबातल्या एका मुलाची भोसरीजवळच्या एका कारखान्यासाठी निवड झाली. खरी निवड, पत्र मिळालं, तो रुजूही झाला. आयटीआयला संधाता झालेला, हात चांगला. मी त्याचं नाव वरिष्ठांना कौतुकानं सांगितलं होतं. दिवाळी झाली आणि तो मला बसस्टँडवर दिसला. कारखाना सोडून आला होता.

मी नेहमीसारखंच विचारलं. काम जड होतं का? साहेब लोक त्रास देत होते का? आम्हा अधिकाऱ्यांची एक ठरलेली समजूत असते: पोरांना कष्ट नकोत, गाव सोडवत नाही, आई-बाप लाडावतात. मेळाव्यानंतरच्या आढावा बैठकीत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच आणि सगळे माना डोलावतात.

तो म्हणाला, "काम काय जड सर, घरी कोयता धरतो मी. पगार होईस्तोवर पोटाचं काय करू, ते सांगा."

मग त्यानं मला हिशेब सांगितला. टपरीवर बसून, बोटं मोडत. २०१७-१८ च्या सुमाराचे भाव आहेत हे लक्षात घ्या. खोलीत सहा जण, प्रत्येकी दीड हजार भाडं आणि तेवढंच डिपॉझिट. मेसचे तीन हजार, तेही आगाऊ. नव्या पोराला मेसवाला उधार देत नाही. गादी, बादली, बसचा पास. सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापणार होते. कंपनीची हजेरी २१ तारखेपासून पुढच्या २० तारखेपर्यंत धरतात. हा रुजू झाला ८ तारखेला. म्हणजे पहिल्या पगारात धरले १२-१३ दिवस, आणि तो हातात पडणार पुढच्या महिन्याच्या १० तारखेला. पूर्ण महिन्याचा पगार बघायला दोन महिने उलटून जातात. टेबलावर सांगितले होते तेरा हजार. पीएफ, ईएसआय, कँटीन कापून हातात येणार साडेदहाच्या आसपास. घरून त्यानं चार हजार नेले होते. ते संपले, मग खोलीतल्या एकाकडून उसने घेतले, मग दुसऱ्याकडून. पहिला अर्धामुर्धा पगार उसनवारी फेडण्यात गेला आणि तो गाडीत बसला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, मुकादम आला होता. उचल घेतली."

ऊसतोडीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात, त्याच्या आधीच मुकादम गावात येऊन जोडप्यामागे किंवा कोयत्यामागे रोख उचल देतो. हंगामभर राबून ती फेडायची. या व्यवहारात माणूस कसा पिळला जातो, उचल कशी पुढच्या वर्षावर चढते, पोरांच्या शाळा कशा सुटतात यावर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी टपरीवर बसून मला एक साधी गोष्ट दिसली. मुकादम पैसे आधी देतो. कंपनी दोन महिन्यांनी देते. ज्याच्या घरात दोन महिन्यांचे दाणे नाहीत तो कुणाकडे जाईल, हे ठरवायला पोराची मानसिकता तपासायची गरज नाही.

त्यानंतर मी एक वही केली. सरकारी नव्हे, स्वतःची. मेळाव्यातून जो खरोखर रुजू झाला त्याचं नाव, फोन, कंपनी, आणि साधारण दोन महिन्यांनी फोन. हे माझ्या कामाच्या वाटपात कुठं बसत नव्हतं. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत करायचो. बरेच नंबर बंद असत, पोरं सिम बदलतात. जे भेटत त्यांच्या सुटण्याची कारणं पुन्हा पुन्हा तीच येत गेली. मेसचे पैसे. आजारी पडल्यावर खाडा झाला आणि तेवढ्यात खोलीचं भाडं आलं. कॉन्ट्रॅक्टर बदलला आणि जुन्यानं शेवटचा पगार अडकवला. सात महिन्यांनी 'ब्रेक' दिला आणि पुन्हा बोलावतो म्हणून बोलावलं नाही. काही पोरं 'नीम'मधून लागलेली. एआयसीटीईची ही २०१३ सालची योजना, तिच्यात पोरगा कामगार नसून प्रशिक्षणार्थी, त्यामुळे पीएफचा प्रश्नच नव्हता. काम मात्र लाइनवरच्या कामगाराचंच. कष्ट नको म्हणून परत आलेला एखादा असेलही. पण आढावा बैठकीत ज्याच्या नावानं खापर फोडलं जाई तो पोरगा मला त्या वहीत फारसा भेटला नाही.

टिकले कोण, तेही त्याच वहीत दिसलं. ज्यांचा मामा किंवा गावचा मित्र आधीच तिथं राहत होता ते टिकले. त्याच्या खोलीत फुकट राहिले, त्याच्या डब्यात जेवले आणि पगार झाल्यावर हिशेब केला. म्हणजे सरकारी मेळाव्यातल्या नोकरीला टिकवून धरत होता तो कुणाचा तरी मामा. ज्याला मामा नाही त्याचं काय, याचं उत्तर माझ्या खात्याकडे नव्हतं.

मुलींचं गणित आणखी वेगळं. वीजतंत्रीचं प्रमाणपत्र घेतलेली एक मुलगी आईला घेऊन आली होती. रांजणगावकडची नोकरी होती, पगारही बरा. आई शेतमजूर, अक्षरओळख नाही. मी पगार, बोनस, कँटीन सांगत होतो. तिनं मला मध्येच थांबवलं. "पगार ऱ्हाऊ द्या साहेब. रातच्या पाळीतून सुटल्यावर हिला खोलीपोतर कोण सोडतंय, तेवढं सांगा." मी तिच्यासमोरच कंपनीच्या माणसाला फोन लावला. बस होती, पण ती चौकापर्यंत. चौकापासून खोली किती लांब? ते त्याला माहीत नव्हतं, कारण खोली कुठली हेच ठरलेलं नव्हतं. मुलगी गेली नाही. तालुक्याच्या वीज उपकेंद्रात तिला अप्रेंटिस म्हणून घेतलं, घरून जाऊन-येऊन.

अप्रेंटिसशिपबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण माझ्या मते आपल्याकडची ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची सोय आहे. कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला किमान ७ हजार, पदवीधराला ९ हजार विद्यावेतन ठरवलं. पोराला खऱ्या यंत्रावर हात बसवायला मिळतो आणि शेवटी देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. पण मेळाव्याच्या फलकावर अप्रेंटिसशिप कधी मोठ्या अक्षरात नसते. ती 'नोकरी' नाही ना. प्रेसनोटमध्ये वजन पडत नाही.

पहिल्या पगाराआधीच्या या खाईचा विचार सरकारात कुणीच केला नाही असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. केंद्राच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत, २०१४ ची ही योजना, नोकरी लागल्यानंतरची मदत नियमातच लिहिलेली आहे: महिना एक हजार रुपये. नोकरी स्वतःच्या जिल्ह्यात असेल तर दोन महिने, जिल्ह्याबाहेर पण राज्यात असेल तर तीन, राज्याबाहेर असेल तर सहा महिने. तो नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा लिहिणाऱ्याला मनोमन नमस्कार केला. कुणीतरी कधीतरी खोलीचं भाडं भरलेलं होतं. पण ही सोय त्याच योजनेत प्रशिक्षण घेतलेल्या गरीब ग्रामीण मुलांपुरती; आयटीआयच्या पोराला नाही, मेळाव्यातून लागलेल्याला नाही. आणि हजार रुपयांत मेसचा अर्धा महिनाही निघत नाही.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना आली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. जुलै २०२४. लोकांनी तिचं लगेच 'लाडका भाऊ' करून टाकलं. १८ ते ३५ वयोगट, सहा महिने एखाद्या आस्थापनेत काम करत शिकायचं. बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, थेट खात्यात. नोंदणी आमच्या खात्याच्या पोर्टलवर, त्यामुळे पावसाळाभर ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कुणाची हजेरी आस्थापनेनं वेळेत भरली नाही, कुणाचं नाव आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं.

या योजनेला नावं ठेवणं सोपं आहे आणि ती ठेवणाऱ्यांत मी पहिला नाही. तरी जे चांगलं दिसलं ते सांगायला हवं. गावातल्या बी.ए. झालेल्या, लग्नाची वाट बघत घरात बसवलेल्या कितीतरी मुली पहिल्यांदा ग्रामपंचायतीत, शाळेत, आरोग्य केंद्रात जाऊन खुर्चीवर बसल्या. स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे. एकीनं पहिल्या पैशातून टायपिंगची फी भरली असं ती मला मुद्दाम सांगायला आली होती. हे काही लहान नाही.

पण शिकवलं काय? बहुतेक ठिकाणी झेरॉक्स काढणं, ऑनलाइन अर्ज भरणं, शिक्का मारणं. शिकवायचा आराखडा कुणाकडे नव्हता, कारण ज्या कार्यालयांना ही पोरं मिळाली तिथं मुळात जागा रिकाम्या होत्या. त्यांना प्रशिक्षणार्थी नको होते, हात हवे होते. योजना खासगी कारखान्यांसाठीही खुली होती, पण पोरांचा ओढा सरकारी कार्यालयाकडे. सहा महिने संपत आले, मोर्चे निघाले, मुदत पाच महिन्यांनी वाढून ११ झाली. तीही संपली आणि मागणी आली, कायम करा. मोर्चातल्या घोषणा मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकत होतो. अंशकालीनांच्या घोषणा याच होत्या. मधे जवळपास तीस वर्षं गेली आणि फाइल जिथं होती तिथंच उघडली.

बाकीच्या योजनांवर फार लिहीत नाही. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा माणूस आमच्याच ऑफिसात बसायचा. वैयक्तिक कर्ज महामंडळ स्वतः देत नाही. बँकेचं कर्ज घेऊन हप्ता वेळेवर भरला तर व्याज परत देतं. योजना चोख आहे, ज्यांना बँकेनं कर्ज दिलं त्यांचा फायदाही झाला. अडचण बँकेच्या दारात. पात्रता प्रमाणपत्राचा कागद हातात घेऊन बँकांच्या पायऱ्या झिजवणारे आम्ही रोज बघत होतो. करिअर शिबिरांबद्दल एवढंच म्हणतो की वक्त्यांनी कलामांची गोष्ट सांगायची सोडून एखादा अर्ज कसा भरायचा हे दाखवलं असतं तर पोरांनी टाळ्या कमी वाजवल्या असत्या पण पुढं कामाला आलं असतं. शिबिर संपल्यावर मागं रेंगाळणारा मुलगा जे विचारतो तोच खरा प्रश्न असतो: "सर, दहावीला ४८ टक्के आहेत, काय करू?" त्याच्यासाठी व्यासपीठावरच्या कुणाकडे वेळ नसतो, पाहुण्यांची गाडी लागलेली असते.

आता हिशेब मांडतो, कारण शेवटी मी कारकून आहे. एका पदवीधराला ११ महिने ऑफिसात बसवायला सरकारला १ लाख १० हजार रुपये विद्यावेतन लागलं. मुदत संपल्यावर तो घरी. जिल्ह्याबाहेर खरी नोकरी लागलेल्या एका पोराला पहिले दोन महिने तग धरायला आज दहा हजार रुपये धरा. म्हणजे एकाच्या पैशात ११ जण पोहोचले असते. हे पैसे फुकट द्या असंही मी म्हणत नाही. बिनव्याजी द्या, सहा महिन्यांत पगारातून हप्त्यानं परत घ्या. मुकादमाला जमतं ते सरकारला न जमण्याचं कारण नाही, आणि सरकारला व्याजाचा हव्यासही नाही. आमच्या योजना पोराला जागेवर धरून ठेवायला पैसे देतात; बाहेर पडायला देत नाहीत. मोठ्या कौशल्य केंद्रांच्या इमारती, भिंतीवरचे लोगो, मेळाव्यांचे मांडव यांपेक्षा हे काम स्वस्त आहे. फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

दुसरं, विवरणपत्रात एक रकाना वाढवा: रुजू झाल्यानंतर सहा महिन्यांनी कामावर असलेल्यांची संख्या. हे मी निवृत्तीआधी वरिष्ठांना लेखी दिलं होतं. उत्तर आलं नाही. मला तशी अपेक्षाही नव्हती. हा रकाना आला तर पहिली काही वर्षं आकडे वाईट दिसतील आणि वाईट आकडा सहीनं वर पाठवायला कुणाला आवडतं?

तुमच्या घरात किंवा गल्लीत दहावी-बारावीनंतर अडकलेलं पोरगं असेल तर त्याला आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात जरूर न्या. शक्यतो अकरानंतर जा, त्याआधी टेबलावर कुणी भेटलंच तर तुमचं नशीब. मेळाव्याची तारीख विचाराच, पण त्याआधी अप्रेंटिसशिपचं विचारा. आयटीआयमध्ये त्याची माहिती देणारा माणूस असतो, त्याला गाठा. मुलगी असेल तर त्या माउलीनं विचारला तो प्रश्न कंपनीच्या माणसाला तोंडावर विचारा आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. नियुक्तीपत्र कंपनीचं आहे की कॉन्ट्रॅक्टरचं, हजेरी कुठल्या तारखेपासून धरतात, पहिला पगार कधी होतो, हे कागदावर लिहून घ्या. आणि गाडीत बसवताना पोराच्या खिशात पहिल्या दोन महिन्यांचे पैसे घाला. सरकार ते अजून देत नाही.